वनप्रदेशातील प्राथमिक शाळा : बहुवर्ग अध्यापन व एकवर्ग अध्यापन – एक विवेचन

प्रस्तावना :
एका इयत्तेस एक खोली व एक शिक्षक, ही शाळेची रूढ कल्पना होय. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जिवती, एटापल्ली, भामरागड यांसारख्या तालुक्यांतील लहान गुडे-टोल्यांना ती लागू पडत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक विहित आहेत. अर्थात, एका शिक्षकाने अनेक इयत्ता सांभाळणे कायद्यानेच गृहीत धरले आहे. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचा तौलनिक विचार केला आहे.

अध्यापनाचा वेळ :
याच अधिनियमाने वर्षाला ८०० अध्यापन तास निश्चित केले आहेत. एकवर्ग पद्धतीत हा संपूर्ण वेळ एका इयत्तेस मिळतो. चार इयत्तांच्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्यास ४०० तास येतात, तर एकशिक्षकी शाळेत केवळ २००. उर्वरित वेळ पाढे लिहिण्यात व फळ्यावरील मजकूर उतरविण्यात जातो. पाठ्यपुस्तके इयत्तानिहाय असल्याने ही अडचण अधिकच तीव्र होते.

संमिश्र वर्गाचे सामर्थ्य :
मारिया माँटेसरी यांनी तीन वर्षांच्या वयोगटातील मुले हेतुपुरस्सर एकत्र ठेवली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे टप्प्याटप्प्यांच्या कृतिपत्रिका तयार करण्यात आल्या. त्यांमुळे प्रत्येक मूल स्वतःच्या गतीने पुढे जाते आणि शिक्षक गरजेनुसार गटांकडे वळतो. गोष्ट, गाणी, परिसर अभ्यास हे विषय सर्वांना एकत्र शिकविल्यास वरील तासांची विभागणीही टळते. माडिया, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या पहिलीतील बालकास शाळेतील मराठी समजावून देणारे तिसरी-चौथीतील मूल, हे येथील मोठे शैक्षणिक साधन होय.

शाळांचे एकत्रीकरण :
२०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. त्यामुळे इयत्तानिहाय शिक्षक मिळू शकतील. परंतु पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर येणाऱ्या प्रदेशात दूरची शाळा म्हणजे सहा वर्षांच्या बालकासाठी अनेकदा गैरहजेरी किंवा घरापासून दूर निवासी आश्रमशाळा.

निष्कर्ष :
बहुवर्ग अध्यापनातील उणीव मुले एकत्र बसण्यात नसून त्या वर्गासाठी आवश्यक साहित्य व प्रशिक्षण न पुरविण्यात आहे. म्हणून अध्यापक शिक्षणात बहुवर्ग अध्यापनाचा प्रत्यक्ष सराव, इयत्तांना जोडणाऱ्या कृतिपत्रिका व मातृभाषेतील साहित्य यांना प्राधान्य मिळणे अगत्याचे आहे. गावातील शाळा बंद करण्याचा विचार त्यानंतरच व्हावा.