पॉइंट्स घ्यायचे की एजंट गाठायचा?

मुंबई-दिल्लीचं साधं तिकीट क्रेडिट कार्डाच्या स्मार्टबायसारख्या पोर्टलवरून खुशाल काढा, पॉइंट्स मिळवा. फक्त विमान कंपनीच्या साइटवरचा दर आधी पाहा. सहकुटुंब युरोपची गोष्ट मात्र वेगळी. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, हॉटेलांच्या तारखा प्रवासाशी जुळाव्या लागतात. पोर्टलच्या तिकिटात बदल हवा असेल, तर विमान कंपनी बहुधा पोर्टलकडेच बोट दाखवते आणि कॉल सेंटरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आपला एजंट ही सहल आधीच जाणतो. तो कमिशन घेतो, हे खरं. पण पोर्टलही मध्यस्थच आहे, आणि तिथून केलेल्या बुकिंगवर मॅरियटसारख्या हॉटेल-साखळीचे सदस्य-पॉइंट्स सहसा मिळत नाहीत. एजंटही सगळेच चांगले नसतात, म्हणून पैसे भरण्याआधी सेवाशुल्क आणि रद्द करण्याचे नियम लेखी मागून घ्या.