संगणकांचा राखणदार

विद्यार्थी मित्रांनो, दिंडोरीहून वणीकडे येताना तुम्ही द्राक्षबागा पाहिल्या असतील. बागेला कुंपण असते. कुंपणाला एक फाटक असते. फाटकापाशी राखणदार बसतो. तो येणाऱ्याला विचारतो, "कोण तुम्ही? काय काम आहे?" उत्तर पटले, तरच तो आत सोडतो. कार्यालयातील संगणकांनाही असाच राखणदार लागतो. त्याला फायरवॉल म्हणतात. इमारतीत आग पसरू नये म्हणून जी जाड भिंत बांधतात, तिच्यावरून हे नाव पडले.

समजा, तुमच्या भाईजाननी वणीच्या बाजारपेठेत एक लहान कार्यालय उघडले आहे. ते शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेतात व परगावी पाठवतात. कार्यालयात पाच संगणक आहेत. त्यांत शेतकऱ्यांची नावे, बँक खात्यांचे क्रमांक आणि कोणाला किती पैसे द्यायचे याचा हिशेब आहे. हा हिशेब नाहीसा झाला, तर वर्षभर राबलेल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकतील. भाईजान तुम्हाला विचारतात, "फायरवॉल कोणती घेऊ? खिशाला परवडेल अशी सांग." तुम्ही काय सांगाल?

प्रथम फायरवॉलचे काम समजून घेऊ. इंटरनेटवरून माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपात येते. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. कोणत्या दाराने आत जायचे, तो क्रमांकही असतो. या दारांना 'पोर्ट' म्हणतात. फायरवॉल हे सारे वाचते आणि नियमाप्रमाणे पुडके आत सोडते किंवा परत फिरवते. आतून कोणी काय मागवले, हेही ती ध्यानात ठेवते. मागवलेल्याचे उत्तर आत येते; न मागवता आलेले बाहेरच राहते.

याचा उपयोग किती मोठा आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. तो ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरत होता. हे दार एकाच कार्यालयातील संगणकांनी आपापसांत फाइली देण्याघेण्यासाठी असते. बाहेरच्यांसाठी ते उघडे ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. ज्यांनी ते बाहेरून बंद ठेवले होते, त्यांच्याकडे तो थेट इंटरनेटवरून शिरू शकला नाही. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण अनेकांनी ती केली नव्हती.

आता खरेदीकडे वळू. भाईजानपुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग घरातच आहे. इंटरनेटची जोडणी देणारे जे राउटर बसवून जातात, त्यात बहुधा साधी फायरवॉल असतेच. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा लागतो. नको असलेली दारे बंद करावी लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे साध्या संगणकाचीच फायरवॉल बनवणे. त्यासाठी 'पीएफसेन्स' आणि 'ओपीएनसेन्स' ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटचा हवा. त्याला तारा जोडण्याच्या दोन जागा हव्यात: एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, दुसरी आतल्या संगणकांसाठी. पण ते चालवण्यासाठी जाणकार माणूस लागतो.

तिसरा मार्ग म्हणजे कंपनीने तयार केलेली पेटी विकत घेणे. ती बसवायला सोपी असते. मात्र बऱ्याच पेट्यांसाठी दरवर्षी शुल्क भरावे लागते. शुल्क थांबले, की नव्या धोक्यांची माहिती पेटीला मिळणेही थांबते.

भाईजान म्हणतील, "अडगळीत जुना संगणक पडला आहे. तोच लावू, म्हणजे फुकटात काम होईल." येथे थोडे गणित करा. फायरवॉल रात्रंदिवस चालू असते. जुना संगणक ७० वॅट वीज घेतो असे धरा. वर्षाला सुमारे ६१३ युनिट वीज लागेल. पंखा नसलेला छोटा संगणक १० वॅट घेत असेल, तर त्याला सुमारे ८८ युनिट पुरतील. फरक ५२५ युनिटांचा झाला. युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला ५,२५० रुपये! फुकटची वस्तू दर महिन्याच्या वीजबिलातून आपली किंमत वसूल करते. म्हणून यंत्राची किंमत, वीज, वार्षिक शुल्क आणि देखभाल यांची तीन वर्षांची बेरीज करा व मगच तुलना करा.

दुसरी गोष्ट वेगाची. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग अनेकदा तपासणी न करता मोजलेला असतो. सर्व तपासण्या चालू केल्या, की वेग बराच घटतो. म्हणून 'तपासणीसह वेग किती?' असे दुकानदाराला विचारावे. तो आपल्या जोडणीच्या वेगापेक्षा कमी नसावा. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांची माहिती मोहोरबंद लिफाफ्यासारखी गुप्त होऊन येते. राखणदार लिफाफ्यावरचा पत्ता वाचतो. आतला मजकूर त्याला सहजासहजी दिसत नाही. तेव्हा लहान कार्यालयाने महागड्या तपासणीसाठी पैसे मोजताना विचार करावा.

द्राक्षाच्या शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कुंपण गुरांना अडवते, पण भुरी रोगाला अडवत नाही. त्यासाठी वेळेवर फवारणीच करावी लागते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्राम पसरला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीबरोबर आत शिरला. ओळखीचा पाहुणा म्हणून त्याला वाट मिळाली. मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज त्यामुळे कोलमडले. न्हावा शेवा बंदरातील या समूहाच्या धक्क्याचे कामही विस्कळीत झाले. नाशिकची द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे बंदर!

म्हणून भाईजानना असे सांगा: "कार्यालयातील काहीही बाहेरून उघडायचे नसेल, तर नीट बंदोबस्त केलेला राउटर सध्या पुरेल. कॅमेरे बाहेरून पाहायचे असतील किंवा माणसे घरून काम करणार असतील, तर छोट्या संगणकाची फायरवॉल घ्या. देखभालीला कोणी नसेल, तर तयार पेटी घ्या. पण शुल्क चुकवू नका. आणि काहीही घेतले, तरी संगणकांच्या दुरुस्त्या वेळेवर करा. हिशेबाची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवा."

मित्रांनो, राखणदार स्वस्त असला तरी चालेल. तो झोपलेला नसावा. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, "आपल्या राउटरचा पासवर्ड आपण कधी बदलला होता?"