कंपापूर्वीचा कंपवात : मेंदूतील जाळ्यांचे आरंभीचे बदल

कंपवाताचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा हात कापू लागल्यानंतर. व्याधीचा आरंभ मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे झालेला असतो. माधवनिदानातील वेपथूचे वर्णन आपणा सर्वांस परिचित आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला. दोन्हीकडे भर आहे तो प्रकट लक्षणांवर. त्याआधी मेंदूत काय घडते, यावर अलीकडील संशोधनाने बराच प्रकाश टाकला आहे. आपल्या दृष्टीने हा पूर्वरूपाचा विषय असल्याने त्याची थोडक्यात मांडणी येथे करीत आहोत.

तूट आणि भरपाई

मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातील पेशी डोपामीन तयार करून ते मेंदूच्या अंतर्भागातील स्ट्रायटमला पुरवितात. हालचालीची लक्षणे दिसू लागतात तेव्हा यांपैकी साधारण निम्म्या पेशी नष्ट झालेल्या असतात. स्ट्रायटममधील पुटामेन या भागाच्या मागील बाजूस डोपामीनची तूट सर्वांत आधी व सर्वांत जास्त पडते. अंगवळणी पडलेल्या हालचाली याच भागावर अवलंबून असतात.

एवढी हानी होऊनही रुग्ण वावरू शकतो, याचे उत्तर मेंदूतील जाळ्यांत आहे. स्वस्थ पडलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील कोणत्या भागांची क्रिया एकाच लयीत कमी-अधिक होते, हे फंक्शनल एमआरआयने पाहता येते. व्याधीच्या आरंभी मागील पुटामेनचा कॉर्टेक्सशी असलेला संबंध क्षीण होतो आणि पुढील पुटामेनचा संबंध वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. लहान मेंदूची जाळीही अधिक कार्यरत होतात. ही भरपाई असावी, असे अनेक संशोधक मानतात. तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. जे चालणे आपोआप घडत होते, त्याकडे आता लक्ष पुरवावे लागते. म्हणूनच चालता चालता बोलू लागल्यास त्याची गती मंदावते.

येथे एक सावधगिरी हवी. हे निष्कर्ष रुग्णसमूहांच्या सरासरीचे आहेत. एका रुग्णाचे निदान त्यावरून करता येत नाही. नेहमीचा एमआरआय तर आरंभी बहुधा प्राकृतच असतो. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून व्याधी नाही, असे समजू नये.

चिकित्सालयात काय पाहावे

गंधज्ञान कमी होणे, दीर्घकालीन मलावष्टंभ, झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणे वा हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. एकेकट्या लक्षणावरून, विशेषतः मलावष्टंभावरून, काहीच ठरत नाही. परंतु ती एकत्र आढळली आणि जोडीला चालताना एका बाजूचा हात कमी हलणे, अक्षर बारीक होत जाणे किंवा एका खांद्याचा हट्टी ताठरपणा असेल, तर ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून न देता रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

सर्पगंधा आणि कपिकच्छू

या व्याधीच्या आधुनिक इतिहासात आपल्या एका वनस्पतीचा वाटा आहे. सर्पगंधेतील रिसर्पिन दिल्यावर निश्चल झालेले ससे लेव्होडोपाने पुन्हा हालचाल करू लागले, असे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले. पुढे २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. यातून बोध असा की, सर्पगंधायुक्त योग कंपवाताच्या रुग्णास देऊ नयेत.

कपिकच्छूच्या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असते. वाण व प्रक्रिया यांनुसार ते बदलते. ५ टक्के धरल्यास १० ग्रॅम चूर्णात अर्धा ग्रॅम लेव्होडोपा होते. म्हणजे लेव्होडोपाच्या गोळ्या घेणाऱ्यास हे चूर्ण ‘बल्य’ म्हणून सहज देणे हे मात्रा वाढविण्यासारखेच आहे. त्यातून अनैच्छिक हालचाली, भ्रम किंवा रक्तदाब उतरणे संभवते. दुधाच्या अनुपानाचाही विचार व्हावा, कारण प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. कपिकच्छूने लक्षणे सौम्य होऊ शकतात. नष्ट पेशी पुन्हा निर्माण होतात, असे सिद्ध झालेले नाही. त्या भरवशावर चालू गोळ्या एकाएकी बंद करविणे जीवावर बेतू शकते.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन या उलटी वा चक्करेवरील औषधांनीही कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. वृद्ध ग्राहक ती महिनोन्‌महिने नेत असेल, तर त्यास चिकित्सकाकडे पाठवावे.

डोपामीन देणाऱ्या पेशींचा नाश थांबविणारे सिद्ध औषध आज कोणत्याही पद्धतीत नाही. मात्र वेळीच झालेले निदान, नियमित व्यायाम आणि योग्य मात्रा यांनी रुग्णाची चांगली वर्षे वाढू शकतात. पूर्वरूप ओळखणे ही आपल्या शास्त्राची जुनी शिकवण आहे. कंपवाताच्या बाबतीत ती कसोशीने पाळावी, एवढेच आमचे सांगणे.