प्लुटोचा निकाल आणि व्याख्येचा प्रश्न

हात वर करून ग्रह ठरतात काय? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदानाने प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढून ‘बटुग्रह’ ठरवले, तेव्हा हा प्रश्न विचारला गेला. शाळेत नऊ ग्रह पाठ केलेली आमची पिढी तो आजही विचारते.

परंतु प्रश्नच चुकीचा आहे. मतदानाने प्लुटोचा आकार बदलला नाही की कक्षा बदलली नाही. ठरली ती केवळ ‘ग्रह’ या शब्दाची व्याख्या. वस्तुस्थिती पुराव्याने सिद्ध होते. व्याख्या मात्र ठरवावीच लागते. वकिलाला हा फरक रोज पाहावा लागतो.

ही वेळ का आली? १९३० साली क्लाइड टॉमबॉ यांनी प्लुटो शोधला. २००५ साली जवळपास तेवढाच एरिस जाहीर झाला. प्लुटो ग्रह, तर एरिस का नाही? सारख्या दोघांना वेगळा न्याय कसा लावणार? १८०१ साली सापडलेला सेरेसही काही दशके ग्रहच होता. त्याच्या परिसरात तसेच अनेक गोळे सापडत गेले आणि तो लघुग्रहांत गणला गेला. प्लुटोचेही तेच झाले.

संघाने तीन निकष लावले : सूर्याभोवती फिरणे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल होणे आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. प्लुटो तिसऱ्यावर अडला.

निकाल योग्य आहे; मसुदा मात्र ढिला आहे. ‘मोकळा’ म्हणजे किती मोकळा? गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह आहेत. इतर ताऱ्यांभोवतीच्या हजारो ग्रहांना तर ही व्याख्या लागूच होत नाही. शिवाय सुमारे दहा हजार सदस्यांपैकी चारशेच्या आसपासच मतदानाला हजर होते. अ‍ॅलन स्टर्न यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे हे आक्षेप गंभीर आहेत. त्यांना उत्तर पुराव्यानेच द्यावे लागेल. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने २०२४ साली कायदा करून प्लुटोला ‘राज्याचा ग्रह’ केले. ते प्रेम झाले, पुरावा नव्हे.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. ‘नऊ खोडा, आठ लिहा’ एवढेच सांगू नका. का खोडले, कोणी खोडले आणि त्यावर आक्षेप काय, हेही सांगा. आकडा पाठ करणारा विद्यार्थी उद्या दुसरा आकडा पाठ करील. निकष विचारणारा विद्यार्थी कोणाच्याही शब्दाने फसणार नाही.