तान्ह्या बाळाचा पहिला उन्हाळी मुक्काम

मुंबई-ठाण्याच्या चाकरमान्याच्या घरी मूल जन्माला आले की बारशाच्या दिवसापासूनच येत्या मे महिन्यात बाळाला कोकणात न्यायचे की नाही, हा प्रश्न घरात घोळू लागतो. कारण गावी प्रवास न झेपणारी पणजी असते, कुलदेवतेचे दर्शन राहिलेले असते, भावकीतल्या वडीलधाऱ्यांना बाळाचे तोंड पाहायचे असते, आणि दुसऱ्या बाजूला मृगाच्या अगोदरचा तो रणरणता, घामट काळ आईच्या मनाला धास्ती घालीत असतो. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. बाळ पुऱ्या दिवसांचे, निरोगी आणि वजन नीट वाढणारे असेल, तर त्याला अवश्य न्यावे. मात्र हा सारा प्रवास थोरांच्या हौसेच्या नव्हे तर बाळाच्या भूक-झोपेच्या वेळापत्रकाने चालावा, आणि त्याच्या बंदोबस्ताचा भार एकट्या आईच्या शिरावर न टाकता निघणाऱ्या व बोलावणाऱ्या अशा दोन्ही घरांनी तो वाटून घ्यावा.

कोकणच्या माणसाला लेकुरवाळा प्रवास नवा नाही. आगबोटींच्या काळी मुंबईहून निघालेली कुटुंबे किनाऱ्यावरच्या लहानमोठ्या बंदरांत उतरत. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला न लागता खोल पाण्यातच उभी राही, आणि हेलकावणाऱ्या पडावात आधी बायामाणसे उतरून मग तान्ही मुले हातोहात खाली दिली जात. पुढे एस.टी. आली, आणि 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा 741 किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग संपूर्ण खुला झाल्यावर रात्री गाडीत बसून सकाळी गावच्या स्थानकावर उतरणे साध्य झाले. तान्ह्या मुलासाठी आजही हाच मार्ग मी सर्वांत सोयीचा मानतो. कारण डब्यात आईला उठता-बसता येते, बाळाला खांद्यावर घेऊन फिरवता येते, आणि दुपारचे ऊन टळते.

रेल्वेच्या नियमांची माहिती मात्र आधीच हवी. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण म्हणूनच त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही, आणि आईला एकाच अरुंद बाकावर बाळासह रात्र काढावी लागते. 2022 साली लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडून बाळासाठी छोटी घडीची जागा लावण्याचा प्रयोग रेल्वेने केला होता. तशी सोय कोकणच्या गाड्यांना सरसकट मिळावी, अशी मागणी येथील प्रवासी संघटनांनी नेटाने लावून धरणे अगत्याचे आहे. सध्या आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस अगोदर खुले होते, तेव्हा मे महिन्याची तजवीज मार्चातच करून खालचा बाक मिळवावा, आणि बाळाला नेहमी भिंतीच्या बाजूस निजवून आईने कडेला निजावे. शिवाय वीरच्या पुढे हा मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी मध्येच खोळंबते, आणि उन्हाळी विशेष गाड्यांच्या वाट्याला हा खोळंबा अधिक येतो. म्हणून लंगोट, कपडे आणि दूध यांचा सरंजाम वेळापत्रकातील तासांवर न बेतता त्याच्या दुपटीचा हिशेब धरून बांधावा.

दुधाचा विषय सर्वांत महत्त्वाचा. सहा महिन्यांखालील मूल आईच्या दुधावर असेल, तर भर उन्हाळ्यातही त्याला वरचे पाणी मुळीच लागत नाही, कारण आईच्या दुधात 87 ते 88 टक्के पाणीच असते. तहान लागली की ते अधिक वेळा अंगावर पिते, इतकेच. ‘घसा कोरडा पडला असेल’ म्हणून सहप्रवासी कळवळ्याने पाण्याचा चमचा पुढे करतात, तो सौजन्याने परत करावा. पाणी खरोखर हवे असते ते पाजणाऱ्या आईला, आणि प्रवासात तिच्या पाण्याकडेच सर्वांची हयगय होते. भुकटीच्या दुधावर असलेल्या बाळासाठी कोरडी भुकटी मापून निरनिराळ्या डब्यांत घ्यावी, उकळलेले पाणी थर्मासमध्ये न्यावे आणि दूध ऐनवेळी करावे; केलेले दूध उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे ठेवणे धोक्याचे. एस.टी.ने जाणाऱ्यांना अनेक बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आढळतील. ज्या मातेच्या नावाने ते उभारले, ती तान्ह्यासाठी रायगडचा कडा रात्री उतरून गेल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्या नावाच्या खोलीला कुलूप दिसले तर स्थानकप्रमुखाकडे किल्ली मागणे हा मातेचा हक्क आहे, आणि तो तिने संकोच न करता बजावावा.

उष्म्याविषयी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोकणातला पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीला सहसा पोहोचत नाही, म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात; परंतु अंग निवते ते घाम वाळल्याने, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. त्यातून तान्ह्याचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठे, त्यामुळे बाहेरची उष्णता ते लवकर घेते, आणि घाम गाळून निवण्याची त्याची शक्ती अद्याप अपुरी असते. यास्तव एकच पातळ सुती झबले पुरे. डब्यात किंवा घरात टोपडे नको. झोळीवर ऊन लागू नये म्हणून जाड दुपटे पसरणे तर सर्वथा वर्ज्य, कारण त्याने आतली हवा कोंडून तापते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील तर चिंता नाही. लघवी कमी झाली, ओठ सुकले, टाळू खोल गेली, किंवा मूल रडण्याऐवजी मलूल पडून राहू लागले, तर मात्र पुढचा कार्यक्रम रद्द करून वैद्यकीय मदत घ्यावी.

स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा छोटा म्हणून दुर्लक्षिला जातो, आणि अपघाताचे भय तेथेच अधिक. काका दुचाकी घेऊन हौसेने न्यायला येतात, पण तान्ह्याला दुचाकीवर घेऊच नये. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलांसाठीसुद्धा कायद्याने सुरक्षापट्टा, शिरस्त्राण आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा घातली आहे. मोटारीत पुढच्या आसनावर मांडीत मूल घेणेही तितकेच घातक. घाटात बाळाला गाडी लागेल ही भीती मात्र सोडून द्यावी, कारण दोन वर्षांच्या आतील मुलांना गाडी लागणे विरळा.

आणि मग घर येते. उंबऱ्याशी आईसह बाळाला थांबवून पणजी भाकरतुकडा आणि पाणी उतरून टाकते, डोळ्यांना पाणी लावते, आणि थरथरते दोन्ही हात पुढे करते. नेमक्या त्याच क्षणी आठ-नऊ महिन्यांचे ते मूल आईच्या मानेत तोंड खुपसून टाहो फोडते. या प्रसंगाने किती वृद्ध मने दुखावतात! म्हणून हे समजावून सांगितलेच पाहिजे की, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर बाळाला आपली माणसे आणि परकी माणसे यांतला भेद कळू लागतो, आणि परक्याला पाहून रडणे हे बुद्धीच्या वाढीचे लक्षण आहे, नात्याचा अव्हेर नव्हे. अशा वेळी बाळाला ओढून न घेता पणजीने ओटीवर आईच्या शेजारी बसावे, बाळाकडे न पाहता त्याच्या आईशीच गप्पा माराव्यात, हातातल्या बांगड्या किणकिणवीत राहाव्यात. थोड्या वेळाने ते स्वतःच त्या बांगड्यांकडे हात नेते. पहिल्या दिवशी वाडीतली सारी मंडळी लोटू न देणे, आणि देवदर्शनासारखे मोठे प्रस्थान एक-दोन दिवस लांबणीवर टाकणे, एवढी शिस्त यजमानांनी पाळली तर उरलेला मुक्काम सुखाचा जातो.

घरच्या जुन्या रिवाजांविषयी विवेकाने बोलले पाहिजे. पाय लांब करून बसलेल्या आजीने बाळाला पोटऱ्यांवर पालथे घालून खोबरेल तेलाने पाठ, टाचा, पंजे हलक्या हाताने चोळावेत आणि मग कोमट पाण्याने न्हाऊ घालावे, यासारखे सुख बाळाला दुसरे नाही. फक्त कानानाकात तेल सोडू नये, आणि न्हाणे झाल्यावर शेगडीच्या धुरीत धरू नये, कारण तो धूर कोवळ्या फुप्फुसांना बाधतो. मधाचे बोट मात्र एक वर्षापर्यंत अजिबात नको. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बॉटुलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. काजळात शिसे असू शकते, तेव्हा तीट लावण्याची हौस तळपायावर भागवावी. सहा महिने पुरे झालेल्या बाळाला मऊ भात, घट्ट पेज, नाचणीचे सत्त्व, रेषा काढलेला पिकलेल्या आंब्याचा गर हे सर्व थोडेथोडे देता येते. करवंदे, काजूगर आणि फणसाच्या आठळ्या घरभर पसरलेल्या असतात. रांगत्या मुलाच्या घशात त्यांतले काहीही अडकू शकते. मेमध्ये विहिरीचे पाणी तळाला जाते, म्हणून बाळाचे पाणी नेमाने उकळावे.

एका संकटाचा उल्लेख कोकणात तरी टाळता येत नाही, आणि तो म्हणजे विंचू. उन्हाळ्याच्या रात्री चिरेबंदी गडग्यांतून, लाकूडफाट्यातून तांबडा विंचू बाहेर पडतो, आणि त्याचे विष लहान मुलांच्या हृदयावर आघात करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखवला, त्यामुळे पूर्वी हमखास दगावणारी असंख्य मुले वाचू लागली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु हे औषध वेळेत मिळाले तरच त्याचा गुण. दंशानंतर मुलाला दरदरून घाम, ओकारी आणि हातपाय थंडगार अशी लक्षणे दिसली, तर मांत्रिकात किंवा घरगुती लेपात क्षणही न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. पाळणा भिंतीपासून दूर टांगावा, रात्री मच्छरदाणी अंथरुणाखाली चौफेर खोचावी आणि दुपटी झटकूनच घ्यावीत.

निघण्यापूर्वी लसीकरणाचे कार्ड सामानात सर्वांत वर ठेवावे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, तसेच नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस यांपैकी एखादी मुक्कामात येत असेल, तर ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळते, आणि लसीकरणाचा दिवस आशाताईंना ठाऊक असतो. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आल्यास घरी वाट पाहू नये.

ज्या घरांना यंदा असे पाहुणे येणार आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच की, बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, सर्दी-खोकला असलेल्याने ते दुरूनच पाहावे, आणि त्या माउलीला आल्याबरोबर पंक्तीच्या व्यवस्थेत न जुंपता हवेशीर खोली, पिण्याच्या पाण्याचा तांब्या व दुपारची सलग झोप द्यावी.