लाकडी जमीन, पण एकाच खोलीत

ग्वाल्हेरला जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली गेला की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. लष्करातल्या जुन्या घरांत दगडी फरशी, नंतरच्या घरांत चिप्स नाहीतर टाइल, गार सगळंच. दगड तळपायाची ऊब झटकन ओढून घेतो, लाकूड सावकाश घेतं, एवढंच त्यातलं शास्त्र. सासूबाईंचे गुडघे गेल्या हिवाळ्यात फार दुखू लागले. सतरंजी घातली तर पाय अडकून पडायची भीती. म्हणून त्यांच्या खोलीत लॅमिनेट घालायचं ठरलं आणि मी व नवऱ्याने दोन रविवारांत ते घातलं. मंडळातल्या मैत्रिणी तेव्हापासून विचारताहेत, म्हणून हे जरा सविस्तर.

याला लाकडी म्हणतात, पण आत असतो लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा कडक पारदर्शक थर. सासूबाई नमुना बघून म्हणाल्या, "म्हणजे लाकडाचा फोटोच की गं!" अगदी बरोबर. ही युक्ती स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीची, १९७७ सालची. तेव्हा फळ्या डिंकाने चिकटवत. १९९० च्या दशकात एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या आल्या आणि घरच्या माणसांना हे काम जमू लागलं.

दुकानात रंगाआधी पाकिटावरची अक्षरं बघा. ‘एसी’ पुढचा आकडा पृष्ठभाग किती झिजणं सोसतो ते सांगतो. झोपायच्या खोलीला एसी-३ पुरे. जाडी निदान ८ मिलिमीटर. ‘ई-१’ म्हणजे बोर्डातून फॉर्माल्डिहाइड कमी बाहेर पडतं. वयस्क माणूस दिवसभर त्याच खोलीत असेल तर हे नक्की बघावं. खोलीच्या मापापेक्षा माल दहा टक्के जास्त घ्यावा.

आमच्याकडे खरी चर्चा झाली ती पोछ्यावरून. बादलीभर पाण्याने रोजचा पोछा आणि दिवाळीआधी सगळं घर धुऊन काढणं, ही सासूबाईंची चाळीस वर्षांची रीत. लॅमिनेटला नेमकं तेच चालत नाही. सांध्यातून पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत बसत नाही. आठवडाभर विचार करून त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीत घाला. स्वयंपाकघर आणि देवघर माझ्या पद्धतीने राहील." माझ्या मते हाच शहाणपणाचा निर्णय. ज्या घरात ओला पोछा सुटणार नाही, तिथे लॅमिनेट घालूच नये. आता त्या खोलीत आधी केरसुणी आणि मग घट्ट पिळलेलं फडकं. कामवाल्या मावशींना फडकं हातात देऊनच दाखवलं.

जुनी फरशी उखडावी लागत नाही, पण ती सपाट आणि कोरडी हवी. खोली तळमजल्याची असल्याने दोन फूट प्लॅस्टिक चारही कडांनी टेप लावून दोन दिवस ठेवलं. खाली दव धरलं असतं तर बेतच सोडला असता. मग सहा फुटी सरळ पट्टी फिरवून तीन मिलिमीटरहून खोल खळगे भरून घेतले. फळ्यांची खोकी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवली, म्हणजे तिथल्या हवेशी त्या जुळतात.

खोलीची रुंदी ११ फूट, म्हणजे ३३५३ मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी १० मिलिमीटर फट सोडली की उरतात ३३३३. फळी १९५ रुंद. सतरा ओळी घातल्या तर शेवटी १८ मिलिमीटरची काडी उरते, ती टिकणार नाही. म्हणून सोळा अखंड ओळी आणि दोन्ही कडांना साधारण १०६ मिलिमीटरची कापलेली ओळ. हा हिशोब पहिली फळी ठेवण्याआधीच करावा लागतो.

खाली प्लॅस्टिक, त्यावर फोम, त्यावर फळ्या. प्रत्येक फळी तिरकी अडकवून खाली दाबायची. शेजारच्या ओळींतले सांधे निदान ३० सेंटिमीटर पुढे-मागे. जिगसॉने कापताना छापील बाजू खाली ठेवा, म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत. भिंतीकडच्या फटीत पाचरी ठेवायच्या आणि शेवटी काढायच्या. ती फट बुजवायचा मोह मात्र टाळा. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, मागोमाग पावसाळा. दोन्हीत हवा दमट होऊन फळ्या फुगतात; फट नसेल तर मधेच उचलल्या जातात. स्कर्टिंगने ती झाकली जाते, पण स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. कूलर खिडकीबाहेर, पाण्याचे थेंब आत येणार नाहीत असा.

जमीन सुमारे सेंटीमीटरभर वर येते, म्हणून दाराला खालून रंधा मारावा लागला. त्याला सुतार बोलावला. उंबऱ्याशी उतरती पट्टी बसवली, नाहीतर वयस्क माणसाला तिथेच ठेच लागते. पायमोजे घालून या जमिनीवर घसरायला होतं, म्हणून सासूबाईंसाठी रबरी टिपक्यांचे मोजे आणले. चालताना जरा टक-टक आवाज येतो, फोम असूनही. त्यांना तो आवडत नाही, पण सकाळी पलंगावरून उतरताना आता चपला शोधत नाहीत.

उरलेल्या चार फळ्या पलंगाखाली आडव्या ठेवल्या आहेत. तोच रंग पुढे मिळेल असं दुकानदार सांगतो, पण त्यावर विसंबू नका.