शस्त्रखरेदीआधीची चाचपणी

लष्करासाठी तोफ वा विमान घ्यायचे ठरले, की लगेच निविदा निघते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याआधी बाजाराची चाचपणी होते. ‘रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन’ अर्थात ‘आरएफआय’ हे तिचे नाव. हे पत्रक संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. हवी ती सामग्री कोण बनवतो, ती किती काळात मिळेल, तंत्रज्ञान हस्तांतरित होईल का आणि अंदाजे खर्च किती, असे प्रश्न त्यात उत्पादकांना विचारलेले असतात. उत्तर दिले म्हणून कंपनीला कंत्राट मिळत नाही आणि सरकारवरही खरेदीचे बंधन येत नाही.

तरीही या टप्प्याचे महत्त्व मोठे आहे. आलेल्या माहितीचा आधार घेऊन सामग्रीचे गुणात्मक निकष ठरतात. प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकातील सर्वोत्तम गुण एकत्र केले, तर ते सारे पूर्ण करणारे शस्त्र जगात सापडतच नाही. उलट निकष एकाच उत्पादनाला जुळणारे असले, तर स्पर्धा संपते आणि किमतीवर अंकुश राहत नाही. चाचपणी नीट झाली, तरच हे दोन्ही धोके टळतात.

मात्र चाचपणीनंतर निर्णय रेंगाळला, तर जमवलेली माहिती शिळी होते. हवाई दलाने १२६ लढाऊ विमानांसाठी २००१मध्ये अशी विचारणा केली. प्रस्ताव मागवण्यास ऑगस्ट २००७ उजाडला. दरम्यान फ्रान्सच्या दासो कंपनीने ‘मिराज-२०००’ऐवजी ‘राफेल’ पुढे केले होते. सहा विमानांच्या स्पर्धेत जानेवारी २०१२मध्ये ‘राफेल’ सर्वांत कमी बोलीचे ठरले. पण करार झालाच नाही. अखेर सप्टेंबर २०१६मध्ये ३६ विमानांचा स्वतंत्र करार झाला आणि पहिली पाच विमाने जुलै २०२०मध्ये अंबाल्यास उतरली. त्याआधी, एप्रिल २०१८मध्ये, सुमारे ११० विमानांसाठी पुन्हा नवी ‘आरएफआय’ काढावी लागली होती.

या विलंबाचा भार जुन्या विमानांवर पडला. नाशिकजवळच्या ओझर येथे एकेकाळी ज्यांची निर्मिती झाली, ती ‘मिग-२१’ विमाने सप्टेंबर २०२५पर्यंत सेवेत ठेवावी लागली. बाजारात काय मिळते, हे कळणे आवश्यक आहेच; पण ती माहिती ताजी असतानाच निर्णय झाला, तरच वैमानिकाच्या हाती वेळेवर नवे विमान येते.